आउटबोर्डचा गंज: ग्राइंडर खाली ठेव, आधी पाण्याची धार बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना फिरवणारी फायबरची होडी, तिच्यावर तीन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली ४० हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायची मशीन. पाण्यात बुडणाऱ्या खालच्या पायावर रंगाला फोड आलेत आणि नख लावलं की आतून पांढरी पूड पडते. मशीन होडीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट तांबूस झालेत. स्टीअरिंग दिवसेंदिवस जड होत चाललंय. मागून पडणारी पाण्याची धार पूर्वी पेन्सिलीएवढी होती, ती आता सुतळीएवढी झालीय. कुणीतरी सल्ला दिला की ग्राइंडरला वायर ब्रश लावून सगळं घास, रेड ऑक्साइडचा एक हात दे आणि वर काळा रंग मार. आणि तू विचारतोस, "काका, एवढं पुरे ना?"

नाही पुरत. उलट त्यातल्या दोन गोष्टींनी मशीनचं नुकसानच होईल, त्या का ते पुढे सांगतो. पण आधी एक लक्षात घे. तू तक्रारी लिहिल्यास त्या डोळ्याला दिसतात त्या क्रमानं, रंग पहिला आणि धार शेवटी. मी तुझी मशीन स्टँडवर घेतली तर नेमकं उलटं करीन. धार पहिली, मग स्टीअरिंग, मग बोल्ट, आणि रंग सगळ्यांत शेवटी, पैसे आणि वेळ उरला तर. रंग उडालेली मशीन दहा वर्षं चालताना मी पाहिली आहे. आत मीठ साठलेली मशीन बाहेरून नवी कोरी दिसत असताना भर समुद्रात जाम झालेलीही पाहिली आहे, आणि त्या वेळी होडीत माणसं होती.

आता हे पांढरं काय आणि तांबडं काय. तुझ्या मशीनचा पाय, मधला भाग, ब्रॅकेट, सिलिंडरचा ब्लॉक, सगळं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आहे. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, पांढरी भुकटी येते. एरवी हवेतच त्याच्यावर ऑक्साइडचा एक पातळ थर धरतो आणि तोच त्याला सांभाळतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं क्लोराइड हा थर जागोजागी भेदतं आणि तिथे खड्डा पडायला लागतो. दाढेच्या किडीसारखं आहे ते. वरून टाचणीच्या डोक्याएवढं, आतून पोखरलेलं.

त्यात भर म्हणजे ॲल्युमिनियमच्या अंगात कसलेले स्टेनलेस स्टीलचे बोल्ट. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि भोवती खारं पाणी, म्हणजे एक बॅटरीच झाली. या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम, बोल्टाला काही होत नाही. म्हणून जाम झालेला बोल्ट बाहेर आला की तो चकचकीत दिसतो आणि भोक मात्र पांढऱ्या पुडीनं गच्च भरलेलं असतं. ही पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. रंगाखाली तयार झाली की फोड येतो, बोल्टाच्या आट्यांत तयार झाली की बोल्ट आवळला जातो. तुझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे ते असं. बोल्टांच्या डोक्यावरचा तांबूसपणा हा बहुतेक वेळा चहाच्या डागासारखा वरवरचा असतो, त्याची मला फारशी काळजी नाही. बोल्टाच्या कडेनं पांढरी रिंग दिसते का, ते बघ. ती दिसली तर तिथे आत काम सुरू झालंय.

आता धार. ही धार म्हणजे मशीनची नाडी. खालचा पंप समुद्राचं पाणी वर ओढतो, ते ब्लॉकभोवती फिरून गरम होतं आणि त्यातलं थोडंसं मागच्या भोकातून बाहेर पडतं. धार बारीक झाली म्हणजे लगेच घाबरायचं कारण नाही, पण त्या दिवशी गिऱ्हाईक घेऊन पाण्यात जायचं नाही. पहिली तपासणी फुकटची आहे. जाड तंगूसाचा, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोरीचा, वीतभर तुकडा घे आणि मशीन बंद असताना त्या भोकात हळूच आत-बाहेर कर. तार घालू नकोस, आत रबरी नळी असते, तिला भोक पडतं. पुष्कळदा तिथेच मिठाचा आणि वाळूचा बोळा बसलेला असतो आणि धार लगेच सुधारते. नाही सुधारली तर पायातल्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, बघायचा. देवबाग-तारकर्लीच्या उथळ पाण्यात पंपात सतत वाळू जाते, तिथे मी इम्पेलर दर वर्षी बदलायला सांगतो, तो कितीही चांगला दिसला तरी. जुन्याच्या पात्या एका बाजूला वाकून तशाच राहिल्या असतील तर तो संपला. इम्पेलर ठीक असेल तर पुढचा संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे मशीन तापल्यावर पाण्याला वाट देणाऱ्या झडपेवर. तो काढून पातेल्यात पाण्यात टाक आणि पाणी तापव. साधारण ५० ते ६० अंशांना तो उघडायला लागला पाहिजे. नेमका आकडा तुझ्या मशीनच्या पुस्तकात असेल, बऱ्याच वेळा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो. तो काढून टाकून मशीन तशीच चालवायचा एक गावठी उपाय आहे, तो करू नकोस. मशीन कधी पुरती तापतच नाही आणि प्लगवर काजळी धरते.

हे सगळं तपासूनही धार बारीकच असेल तर पाण्याच्या वाटा आतून बुजल्यात. इथे गोडं पाणीच मुख्य औषध. नुसतं मीठ असेल तर ते साध्या पाण्यात विरघळतं, त्यासाठी पाणी गरम करायचीही गरज नाही, कारण मिठाची विद्राव्यता तापमानानं फारशी बदलत नाही. गरज आहे ती वेळेची. पिंप भरून घे, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी बुडेल इतकं पाणी हवं. शक्य असेल तर पंखा काढून ठेव, गिअर न्यूट्रलला, जागा उघड्यावरची, आणि १५ मिनिटं मंद गतीवर चालव. पाच मिनिटांत बंद करणारे बरेच आहेत. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी ब्लॉकच्या वरच्या भागात नीट पोचतच नाही, म्हणजे ज्या भागाला सगळ्यांत जास्त गरज तोच कोरडा राहतो. मिठाबरोबर चुन्यासारखा कठीण थर बसला असेल तर मात्र पांढरं व्हिनेगर लागतं. निम्मं पाणी आणि निम्मं व्हिनेगर, थर्मोस्टॅटच्या भोकातून आत भरायचं, तासभर ठेवायचं, मग भरपूर गोड्या पाण्यानं धुऊन काढायचं. रात्रभर ठेवू नये.

आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड नको, कास्टिकही नको. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण मी स्वतः हे करून बसलोय. धंद्यात नवीन असताना एका मशीनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बुजलं होतं. ॲसिडनं चुना जातो एवढंच ठाऊक होतं. ओतलं, फेस आला, मला वाटलं काय छान साफ होतंय. तो फेस ॲल्युमिनियमचाच होता. गॅस्केट बसायची जागा खरबरीत होऊन गेली आणि हेड बदलून द्यावं लागलं. दोन महिन्यांची कमाई गेली. माझे गुरू एवढंच म्हणाले, "आधी गोडा पाणी घाल, मगे बघूया." तेव्हापासून तेच करतो.

पिंपाबद्दल आणखी एक. आपल्याकडे बंदरावर एक निळं पिंप असतं आणि चार जण त्यातच आपापली मशीन धुतात. पहिल्या दिवशी पाणी गोडं, आठव्या दिवशी ते समुद्रच झालेलं असतं. बोट बुडवून जिभेला लावून बघ. किनाऱ्यालगतच्या विहिरींचंही तसंच, एप्रिल-मेमध्ये कित्येक मचूळ होतात. मचूळ पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा बरंच, पण शेवटची दोन मिनिटं तरी चांगल्या पाण्याची दे. नळाला जोडायचे रबरी कान मिळतात, पाणी आत घ्यायच्या जाळीवर बसवायचे, ते पिंपापेक्षा चांगले. त्यात आधी नळ सोडायचा आणि मग मशीन चालू करायची, बंद करताना आधी मशीन. पंप कोरडा फिरला तर इम्पेलर मिनिटभरात जळतो. काही फोर-स्ट्रोक मशीनना अंगावरच पाइप जोडायची सोय असते, तिथे बहुतेक कंपन्या मशीन बंद ठेवूनच धुवायला सांगतात. धुतल्यावर मशीन उभी ठेव, म्हणजे आतलं पाणी निथळून जातं. धुतली आणि लगेच वर तिरकी केली तर पाणी आतच राहतं.

स्टीअरिंग जड होण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. मशीन ज्या नळीवर वर-खाली होते तिच्यातूनच स्टीअरिंगचा स्टीलचा दांडा सरकतो. त्यात जुनं ग्रीस वाळून मेणासारखं होतं, त्यात मीठ मिसळतं, आणि वर्षभरात दांडा अडकतो. लोक जोर लावून चाक फिरवत राहतात आणि मग केबल तुटते. केबल तुटायची वाट बघू नकोस, कारण ती कधी बंदरात तुटत नाही. ग्रीस निपल असतील तर ग्रीस गननं नवं मरीन ग्रीस इतकं भर की जुनं काळं दोन्ही टोकांनी बाहेर यावं. तेवढ्यानं भागलं नाही तर केबलचा नट सोडून दांडा बाहेर काढावा लागेल. नळीवर ड्रायरनं किंवा हलक्या आचेनं गरम करून, दांड्यापेक्षा बारीक लाकडाच्या किंवा पितळेच्या दट्ट्यानं ठोकत न्यायचा. निघाला की नळी आतून गोल ब्रशनं घासून, पुसून, ग्रीस लावून परत बसव. दांड्यावर खड्डे पडले असतील तर तो पॉलिश करून वापरू नकोस. केबलच बदल.

बोल्टांचं काम सगळ्यांत चिवट. बहुतेक मशिनी गंजामुळे मरत नाहीत, गंजलेला बोल्ट काढताना मरतात, म्हणून इथे सावकाश जा. पहिला नियम, जो बोल्ट काढायची गरज नाही त्याला हात लावू नकोस. "आलोच आहोत तर हेडही उघडून बघू" या वाक्यानं माझ्याकडे बरंच काम आलंय. तुला पंप बघायचाय, तर पायाचे बोल्ट आणि पंपाचे बोल्ट, एवढेच.

आदल्या संध्याकाळी बोल्टाच्या भोवतीची पांढरी पूड टोकदार सळीनं खरवडून काढ आणि आट्यांत उतरणारं तेल सोड. बाजारात फवाऱ्याचे डबे मिळतात. गॅरेजमध्ये आम्ही ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल अर्धं-अर्धं मिसळूनही वापरतो. ते लगेच वेगळं होतं, म्हणून दर वेळी हलवून घ्यायचं, आणि ते पेटतं, त्यामुळे त्या दिवशी आच नाही. रात्रभर मुरू दे. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे लहान लहान ठोके दे, वीस-पंचवीस. त्या थरथरीनं पुडीला भेगा पडतात आणि तेल खाली जातं. मग सहा कोनी गोटी पाना लाव. बारा कोनी नको, तो कडा खातो. आणि पहिला झटका सोडायच्या दिशेनं न देता किंचित आवळायच्या दिशेनं दे. एकदा "टक्" आवाज आला की परत सोड, थोडं मागे, थोडं पुढे, पुन्हा तेल. अर्धा फेरा सुटला म्हणून एकदम जोर लावणारेच बोल्ट तोडतात, कारण तुटतो तो बहुतेक सुटायला लागल्यानंतरच. सहा मिलिमीटरचा बोल्ट हातानंही पिळून तुटतो. पाना ओढताना तो रबरासारखा लवचिक वाटला, म्हणजे डोकं फिरतंय पण बोल्ट फिरत नाही असं जाणवलं, की थांब. त्या क्षणी थांबलास तर तो वाचतो.

तेलानं ऐकलं नाही तर आच. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे आच बोल्टाला न देता भोवतीच्या अंगाला द्यायची. पेट्रोलची टाकी आणि नळ्या आधी दूर ठेव, कॅर्ब्युरेटरजवळ काम असेल तर आच विसर. छोटा गॅसचा टॉर्च घे, ज्योत सतत हलती ठेव. लोखंड तापलं की लाल दिसतं, ॲल्युमिनियम लाल न होता सरळ वितळतं, त्यामुळे डोळ्यावर विसंबू नये. पाण्याचा थेंब टाकला की चुरचुरून उडाला पाहिजे, तेवढं पुरे. गरम असतानाच मेणबत्ती बोल्टाच्या कडेला टेकव, मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. जवळ रबरी सील असतील तर ती नंतर बदलायची असं गृहीत धर.

इतकं करूनही तुटला, तर वरचा तुकडा बाहेर उरलाय का बघ. उरला असेल तर त्याच्यावर नट ठेवून वेल्डिंग करून घेता येतं. वेल्डिंगची उष्णता आणि नटाची पकड, दोन्हींनी मिळून बरेचदा निघतो. पृष्ठभागाच्या सपाटीलाच तुटला असेल तर बरोबर मधोमध पंच मारून भोक पाडावं लागतं, आणि इथे हात थरथरला तर ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतं. हे तू पहिल्यांदा तुझ्याच मशीनवर शिकू नकोस. लेथवाल्याकडे किंवा मेकॅनिककडे घेऊन जा. तो मोठं भोक पाडून त्यात स्टीलच्या तारेचे नवे आटे बसवून देईल, ते मूळच्यापेक्षाही मजबूत होतात.

बोल्ट परत बसवताना कोरडा बसवायचा नाही, हे आता तुला कळलंच असेल. पण काय लावायचं यात बरेच जण फसतात. दुकानात काळं ग्राफाइटचं आणि तांबूस रंगाचं तांब्याचं वंगण मिळतं, मोटारीसाठी ते चांगलं. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमवर ते नको. ग्राफाइट आणि तांबं, दोन्ही त्या बॅटरीत स्टीलच्याच बाजूला बसतात आणि ॲल्युमिनियम आणखी जोरात झिजवतात. मरीन ग्रीस किंवा टेफ्लॉनवालं घट्ट ग्रीस लाव, आट्यांना आणि वॉशरखालीही. हाच न्याय बोल्टालाही. हरवलेल्या बोल्टाच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला पिवळसर मुलामा दिलेला साधा बोल्ट कसू नकोस. ३१६ ग्रेडचा स्टेनलेस माग, ३०४ लवकर डागाळतो.

आता तुला रंगाकडे जाऊ देतो. ग्राइंडर का नको? साध्या लोखंडी वायर ब्रशचे बारीक कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि प्रत्येक कण गंजायची एक नवी जागा होतो. शिवाय ग्राइंडर चांगला धातूही खातो. फोड आलेला भाग पॉलिश पेपरनं हातानं घास, १२० नंबरनं सुरुवात आणि ३२० नं शेवट, जिथे रंग पक्का आहे तिथपर्यंत, आणि कडा उतरत्या कर. खड्ड्यातली पूड नायलॉनच्या किंवा स्टेनलेसच्या ब्रशनं पूर्ण काढ. एक चिमूट राहिली तरी ती नव्या रंगाखाली काम चालू ठेवते. मग गोड्या पाण्यानं आणि साबणानं धू, वाळव, ॲसिटोननं पूस. खोल खड्डे एपॉक्सी पुट्टीनं भरता येतात, फक्त सील बसायच्या जागी आणि जोडाच्या कडांवर नको.

रेड ऑक्साइड हा लोखंडाचा प्रायमर आहे. ॲल्युमिनियमवर तो धड धरत नाही, वर्षभरात पापुद्रा निघतो आणि मधल्या काळात खालचं दिसत नाही. ॲल्युमिनियमसाठी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर घे, झिंक फॉस्फेटवाला. पूर्वी पिवळा झिंक क्रोमेट सर्रास वापरायचे, काम उत्तम करतो पण तो विषारी आहे, त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नये, म्हणून मी आता टाळतो. घासल्यावर तासा-दोन तासांत प्रायमर लागला पाहिजे, नाहीतर समुद्राच्या हवेनं पुन्हा थर धरतो. सकाळी घासून जेवण, झोप आणि संध्याकाळी रंग, असं नको. वरचा रंग पॉलियुरेथेनचा, पातळ दोन हात. होडीच्या बुडाला शेवाळ आणि कवचं धरू नयेत म्हणून जो रंग लावतात त्यात बहुधा तांबं असतं. तो पायाला चुकूनही लावू नकोस. स्टार्टरची कवची, स्प्रिंगा, क्लॅम्प असे खरोखर लोखंडी भाग असतात, त्यांच्यावर मात्र फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज बदलणारं द्रव चालतं. गंज काळा होतो, मग त्यावर रंग.

आता ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस, ते झिंक. पंख्याच्या वर जो शेपटीसारखा तुकडा असतो आणि ब्रॅकेटच्या तळाशी एक वडी असते, त्यांना आपण झिंक म्हणतो. त्यांचं काम झिजणं हेच आहे. ॲल्युमिनियमच्या आधी ती झिजतात, म्हणून ॲल्युमिनियम वाचतं. कल्पना जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीनं ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबं वाचलं, पण तांबं झिजेनासं झाल्यावर त्याचं विषही पाण्यात उतरेना आणि पत्र्यावर शिंपले धरायला लागले. असो.

तुझं झिंक निम्मं झिजलं असेल तर बदल. पण तीन वर्षांत ते जसंच्या तसं असेल, तर खूश होऊ नकोस, ती वाईट खूण आहे. म्हणजे ते काम करत नाहीये आणि त्याच्या वाटचं तुझा पाय झिजतोय. माझा अंदाज आहे की तुझ्याकडे हेच झालंय. कारणं तीन. एक, मागच्या मालकानं रंगाबरोबर झिंकवरही हात फिरवला. दोन, झिंक आणि अंग यांच्यामध्ये रंग किंवा पूड आहे, त्यामुळे धातूला धातू लागत नाही. ज्या जागी ते बसतं ती जागा चकचकीत घासून मगच कस, आणि मल्टीमीटरनं झिंकपासून पायापर्यंत मोजून बघ, रोध जवळजवळ शून्य आला पाहिजे. पाय आणि ब्रॅकेट यांना जोडणाऱ्या बारीक विणलेल्या तारा असतात, त्याही बघ. "ही तार कशाला लोंबतेय" म्हणून कापून टाकलेल्या मी पाहिल्यात. तीन, झिंकच भेसळीचं. चांगल्या जस्तात लोखंडाचा अंश ०.००५ टक्क्याच्या आत असावा लागतो, जास्त असेल तर वरून कवच धरतं आणि ते निकामी होतं. भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त वड्या असतात, त्या घेऊ नकोस.

तुझी होडी रात्री कर्ली खाडीत असते की बाहेर, ते तू लिहिलं नाहीस. खाडीत गोडं पाणी मिसळतं तिथे जस्ताचं झिंक सुस्तावतं, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे तुकडे मिळतात ते दोन्ही पाण्यांत चालतात. मी हल्ली तेच सुचवतो. मॅग्नेशियमचे फक्त गोड्या पाण्यासाठी असतात, समुद्रात ते काही दिवसांत संपतात आणि रंगही उखडतात. आणि झिंक पाण्यात बुडालेलं असेल तरच काम करतं. नांगरल्यावर मशीन वर उचलून ठेवणं बरोबरच आहे, पण मग अंगावर वाळणाऱ्या मिठापासून ते वाचवू शकत नाही. त्यासाठी पुन्हा गोडं पाणीच, बाहेरून एक बादली.

झिंक महिन्या-दोन महिन्यांत विरघळून जायला लागलं, तर प्रकरण वेगळं आहे. कुठून तरी बॅटरीचा करंट पाण्यात गळतोय. बहुतेक वेळा होडीच्या तळाच्या पाण्यात लोळणारी पंपाची उघडी वायर सापडते. असा करंट साध्या गंजापेक्षा कितीतरी वेगानं पाय खातो. होडी उभी करताना बॅटरीचं कनेक्शन तोडता यावं म्हणून एक स्विच बसवून घे. वायरींच्या टोकांना हिरवट पूड दिसली तर ती घासत बसू नकोस. तेवढं टोक कापून, कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर लाव.

पेट्रोलचं थोडक्यात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. फार ओढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि कॅर्ब्युरेटरच्या वाटीत पांढरी-हिरवी घाण करतात. पाणी वेगळं करणारा फिल्टर लाव. महिनाभर होडी उभी राहणार असेल तर वाटी रिकामी कर.

आणि आता मे संपत आला की महत्त्वाचं. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद, तुमचं पर्यटनही पावसाळ्यात बंदच. मशीन सगळ्यांत जास्त खराब होते ती या बंद काळात. शेवटच्या दिवशी दमून भागून येऊन माणूस मशीन तशीच पडवीत टेकवतो, वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळतो आणि नारळी पौर्णिमेला उघडतो. कागदाच्या आत तीन महिने घाम. तू असं कर. शेवटची धुलाई अर्धा तास. चालू असतानाच कॅर्ब्युरेटरच्या तोंडातून इंजिन जपायचं तेल फवार, मशीन धूर ओकून बंद पडेपर्यंत, म्हणजे आतल्या बेअरिंगवर तेलाचा थर बसतो. टू-स्ट्रोकमध्ये तळाला तेल साठलेलं नसतं, म्हणून हे जास्तच गरजेचं. पायातलं गिअर तेल आत्ताच बदल, नंतर नको. ते दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. पंखा काढून त्याच्या दांड्याभोवती तंगूस गुंडाळलाय का बघ. सील कापणारा चोर बहुतेक तोच असतो. मशीन उभीच ठेव, सुती कापड टाक, आणि पंधरा दिवसांनी एकदा प्लग काढून हातानं दोन-चार फेरे दे.

आता तू काय करायचंस. या आठवड्यात तंगूस घालून बघ आणि धार सुधारली का ते कळव. झिंकचा फोटो पाठव, पायाच्या बोल्टांचा जवळून एक, पांढरी रिंग दिसेल असा. खड्डे किती खोल आहेत ते काडी घालून मोज. पंपाच्या आसपास किंवा गिअर बॉक्सच्या अंगावर तीन-चार मिलिमीटरपेक्षा खोल असतील तर रंगावर एक रुपया घालू नकोस, आपण जुना चांगला पाय शोधू. आणि तो ग्राइंडर ज्याचा असेल त्याला परत देऊन टाक.